पाणी भरल्यावरचं माप

तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, संपात घर मोडायला आलं तरी कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. मी आत बायकांत बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. माझे ओठ हलताना बघून एकीला वाटलं मला हुंदका आलाय. तिने पाणी आणून दिलं. मी प्यायले. भांडण तसंच राहिलं.

शांत माणूस! मी ज्यांच्याशी लग्न केलं ते शांत नव्हते. मिलमधल्या मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, ती घरीही सुटायची नाही. मीठ मागायचं तरी असं मागायचात की पलीकडच्या बिऱ्हाडातून मीठ यावं. समोरच्या खोलीतल्या शेवंतामावशी म्हणायच्या, तुझ्या घरात काय शिजतं ते माका तुझ्या घोवाच्या तोंडानच कळता. मला लाज वाटायची. माहेरी आम्ही सगळेच हळू बोलणारे, आणि मी त्यांच्यातही हळू.

मग संप झाला. पहिले काही महिने तर तुमचा आवाज आणखी चढला. तुम्ही घोडपदेवच्या ह्याच चाळीत दारोदार फिरलात. अजून थोडे दिवस धरा, आत जाऊ नका, म्हणून सांगत. लोकांनी धरलं. गावाहून आलेला तांदूळ संपला, मंगळसूत्रं गेली, पोरं गावाला पाठवली, तरी धरलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच माहीत की एक दिवस तुम्ही जिना चढून आलात आणि मला कळलंच नाही. मी मागे वळले तर तुम्ही दारात उभे. तेव्हापासून तुमचा आवाज बंद झाला. घरात मी, तुम्ही, आपली लहान बेबी, आणि माझं हाताने फिरवायचं शिलाई मशीन. बोलायचं ते मशीनच.

वडाळ्याला प्लास्टिकच्या मालाच्या शेडमध्ये तुम्ही लागलात तेव्हा मी देवाजवळ साखर ठेवली, पण तुम्हाला कौतुक नव्हतं. रेनकोट, पोहायच्या ट्यूबा, फुगवायची बदकं. मागावरच्या माणसाला ते काम म्हणजे थट्टाच वाटत असणार. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी विचारलं नाही. मग शेठच्या मेहुण्याने परदेशातून मुलांसाठी फुगवायचा पोहण्याचा टब आणला. तुम्ही त्याला पहिल्यापासून हौदच म्हणालात. शेठना तसाच इथे बनवायचा होता. त्यांच्या माणसांनी बनवला, पण हवा भरली की आतली भिंत चुण्यांनी भरून जायची, म्हाताऱ्याच्या मानेसारखी. शेठ म्हणाले, तू मिलवाला, तुला कापड कळतं, तू बघ.

तो हौद तुम्ही घरी आणून पायपंपाने फुगवलात तो दिवस मला अजून दिसतो. आपली खोली ती केवढी. हौद या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मशीन पलंगावर चढवलं, स्टोव्ह मोरीच्या कठड्यावर. बेबी आत जाऊन बसली ती निघेना. शेवटी पानंही आतच वाढली. आपण तिघं कोरड्या हौदात मांडी घालून जेवलो, आणि जेवताना तुम्ही आतल्या भिंतीवरून हात फिरवत म्हणालात, "ह्या चुण्या येतात कुठून?"

किती दिवसांनी तुम्ही काहीतरी विचारलं होतं. ते मला विचारलंय की भिंतीला, हेही कळेना. 

तुमचं म्हणणं, ताण कमी पडतो. मागावर सूत ताणलेलं असलं की कापड सरळ उतरतं, तसंच हेही. तुम्ही शेडमध्ये टेबलाला खिळे ठोकलेत, प्लास्टिक ताणून धरलंत आणि मग जोडलंत. चुण्या दुप्पट झाल्या. ताणून जोडलेलं सोडल्यावर गोळा होणारच. तुम्ही पुन्हा ताणलंत. तुमच्या जागी कुणीही विणकर असता तर त्याने तेच केलं असतं, त्याच्या हाताला दुसरं काही माहीतच नसतं.

मी तेव्हा कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत होते. मी मान वर न करता म्हणाले, आतला घेर लहान असतो. तुम्ही 'काय?' म्हणून विचारलंत. मला पुन्हा बोलायचं जिवावर आलं, म्हणून मी हातातली बांगडी काढून दोऱ्याबरोबर तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही बांगडीच्या बाहेरून दोरा फिरवलात, मग आतून फिरवलात. आतून दोरा कमी लागला. शेडमध्ये दोन्ही भिंतींना सारख्याच लांबीच्या पट्ट्या लावत होते. हवा भरली की आतली पट्टी आत फुगायची, तिथे गोल लहान, आणि उरलेल्या प्लास्टिकने जायचं कुठे?

तुम्ही बांगडी परत दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती खिशातच घेऊन कामाला गेलात.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लोक ऐकतील तर म्हणतील, संपात देशोधडीला लागलेल्या घरात कसले चांगले दिवस. पण संध्याकाळी तुम्ही आलात की वर्तमानपत्रं जमिनीवर पसरायची, आपण दोघं गुडघ्यांवर, हातात कात्री आणि पेन्सिल. आतली पट्टी आखूड केली तर भिंतीचं पोट नीट बसलं, पण कडा ओढायला लागल्या. मी म्हटलं, परकराला लावतात तशा कळ्या लावा. कळ्यांचा आकार मात्र तुम्हीच शोधलात. बाहेरच्या भिंतीची कळी मध्ये रुंद, होडीसारखी. आतल्या भिंतीची मध्ये बारीक, डमरूसारखी. मी म्हटलं डमरू कसा चालेल, जोड वाकडे येतील. तुम्ही म्हणालात, तू तुझी बाही बघ. आणि प्लास्टिकलाही उभं-आडवं असतं, एका बाजूने ते जास्त ताणतं, हे तुम्ही दोन बोटांत धरून ओळखलंत. शेडमध्ये कुणाला ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आपण इतके वाद घालायचो की शेवंतामावशी दारात येऊन म्हणाल्या, "काय गो, तुमका बोलूचा येता?"

तुम्ही मोठ्याने हसलात. जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मला कुणी काही विचारलं नव्हतं. भाजी कुठली करू एवढंही नाही, कारण जी स्वस्त तीच यायची. तुम्ही कागद माझ्यापुढे सरकवून म्हणायचात, "काय वाटतं?" मला वाटायचं ते निम्मंच सांगता यायचं. उरलेलं निम्मं तुम्ही थांबून काढून घ्यायचात. ह्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे होते. नवऱ्याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही.

आणि एक दिवस हौद उभा राहिला तो कसा, अंड्यासारखा. आत हात फिरवला तर कुठे अडेना. शेठनी तुमच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या मेहुण्याने पहिला नग आपल्या शिवाजी पार्कच्या गच्चीवर नेला. आठवडाभराने तो परत आला. तळ आणि भिंत जुळते तिथे सगळीकडे चुण्या, आणि एका चुणीवर दुमडून दुमडून चीर गेलेली.

आपण एकमेकांकडे बघितलं. इतके हौद फुगवले, आत बसलो, जेवलो, बेबी आत झोपली, आणि आपल्यापैकी एकालाही पाणी भरायचं सुचलं नाही. हौदात पाणी असतं हे आपण विसरलो होतो. ज्यांच्या नळाला सकाळी तासभर पाणी, आणि त्या तासात मारामाऱ्या, त्यांच्या डोक्यात पाण्याने भरलेला हौद येणार कुठून? आपण केलेला हौद फक्त हवेचा होता.

पाण्याशिवाय पुढचं माप निघणार नव्हतं. शेडमध्ये तेव्हा पिण्यापुरतं एक पिंप यायचं. चाळीच्या चौकात हौद मांडता आला असता, पण पाणी घरोघरून मागावं लागणार होतं. तुम्ही सकाळी उठून कपडे केलेत, चप्पल घातलीत, आणि गॅलरीत उभे राहिलात. बराच वेळ उभे राहिलात. मला कळलं. ह्याच दारांवर तुम्ही 'अजून थोडे दिवस धरा' म्हणून सांगितलं होतं. आता त्याच दारांवर हंडाभर पाणी मागायला तुमचा हात वर होत नव्हता.

मी पदर खोचला आणि गेले. पहिल्या दारात मी नुसती रिकामी कळशी पुढे केली. त्यांना वाटलं आमच्याकडे प्यायलाही पाणी नाही, त्यांनी घाईने भरून दिली. दुसऱ्या दारात सांगावं लागलं. शेवंतामावशींनी सगळ्यांत जास्त छळलं.

"तुझो घोव आता चाळीत समुद्र आणता काय?"

मी म्हटलं, नाही मावशी, सुरकुत्या बघायच्यात.

"मगे माझ्याच बघ की फुकटात," असं म्हणून त्यांनी हंडा कमरेवर घेतला, आणि त्या स्वतः खाली आल्या. त्यांच्यामागून बाकीच्या आल्या.

रविवार होता. दुपारपर्यंत हौदात पोरांच्या गुडघ्यापर्यंत पाणी झालं. पोरं सांगायच्या आधीच आत. तुम्ही चौकातल्या फरशीवर पालथे पडून हौदाच्या बुडाशी डोळा लावला होता, हातात खडू, सदरा चिंब. आणि तिथून तुम्ही मला हाक मारलीत. मी वर तिसऱ्या मजल्यावर बेबीचे सुके कपडे घ्यायला गेले होते. "अगं, खाली ये, बघ, तळ ओढतोय!" अख्ख्या चाळीने ऐकलं. तो जुना आवाज होता. मी कपडे तिथेच टाकून जिना उतरले.

पाण्याने भिंत बाहेर रेटली जात होती आणि तळ तिला आत धरून ठेवत होता, कारण तळ आपण नेमका मापाचा कापला होता. तळाला सैलपणा हवा होता, चारी बाजूंनी चार बोटं. तुम्ही खुणा केल्यात. मग उठून सगळ्यांसमोर मला म्हणालात, ये, पाय बुडवून बघ. मी मान हलवली. बायका हसल्या. मला फार वाटत होतं, पण मी नाही आले.

संध्याकाळी ज्याचं पाणी त्याला परत. हंड्याहंड्याने उपसून मोऱ्यांत, पिंपांत, धुण्याला, लाद्या पुसायला. एक थेंब वाया गेला नाही. शेवंतामावशींनी तेवढी अट घातली, ज्या बाजूक पोरां मुतूक नाय त्या बाजूचो हंडो माका दी.

इथपर्यंत आपलं भांडण नव्हतं. आता सांगते ते आपलं भांडण.

तुम्ही पाण्याच्या मापाचा कागद कापलात, हौद बनवलात, शेठना दाखवलात. कोरडा फुगवल्यावर भिंती सुरेख, पण तळ आतमध्ये विस्कटलेल्या अंथरुणासारखा पडलेला. शेठ म्हणाले, माल दुकानात कोरडा टांगतात, गिऱ्हाईक कोरडा बघून घेतं, हा सुरकुतलेला कोण घेईल? जुन्या मापाचाच काढा. तुम्ही बरं म्हणालात.

घरी येऊन तुम्ही हे सांगितलंत तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. मी विचारलं, पाणी भरल्यावर चीर जाईल त्याचं काय? तुम्ही म्हणालात, एक-दोन उन्हाळे टिकेल. मी म्हटलं, आपल्याला माहीत असून? तुम्ही बशी खाली ठेवलीत.

"एकदा अडून बसलो होतो. बघितलंस ना काय झालं? माझं एकट्याचं नाही, सगळ्या चाळीचं."

मी म्हटलं, ते वेगळं होतं. तुम्ही म्हणालात, अडून बसणं सगळं सारखंच असतं. मी म्हटलं, लोकांनी पाणी दिलं ते ह्यासाठी? ते मी मोठ्याने म्हटलं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले असेन. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि तुमचा चेहरा पुन्हा तसाच झाला, त्या दिवशी दारात उभे होतात तसा. तुम्ही कागदाची गुंडाळी करून माळ्यावर टाकलीत. पुढे कितीतरी वर्षं आपण त्याबद्दल बोललो नाही. तुम्ही कामाचं बोलायचात, बेबीच्या शाळेचं, तिच्या लग्नाचं. 'काय वाटतं' तेवढं विचारलं नाहीत.

तुम्ही चुकलात असं मी आजही म्हणते. पण तुम्हाला काय म्हणून दोष देऊ तेही मला कळत नाही. बायको-मुलीचं घर, गेलेली मिल, पुन्हा ते दारोदार जाणं. ज्याचा हात एकदा भाजला त्याला विस्तवाची किंमत सांगणारी मी कोण? हे दोन्ही माझ्या मनात एकदमच असतं. तुम्ही असतात तर एका बाजूने तुम्ही बोलला असतात आणि दुसऱ्या बाजूने मी. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं आणि त्यात भांडणाची मजा नाही.

तुम्हाला आठवतं का, दादरला बेबीच्या लग्नाची खरेदी करताना एका दुकानाबाहेर आपला हौद टांगलेला होता, निळा. तुम्ही थांबलात. हाताची पिशवी माझ्याकडे दिलीत आणि आतल्या भिंतीवरून तळवा फिरवलात, घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. दुकानदार म्हणाला, काका, घ्यायचाय का? तुम्ही नाही म्हणालात. मी मुद्दाम पुढे चालत राहिले होते, कारण तळाकडे बघायचं मला धैर्य नव्हतं, आणि तुम्हीही तळाला हात लावला नाहीत.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदा म्हणालात, दोन्ही जमायला हवं होतं. मी विचारलं, दोन्ही म्हणजे? कोरडाही आणि भरलेलाही, असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. मी पुढचं ऐकायला किती वेळ वाकून बसले. तुम्हाला झोप लागली होती.

बेबी म्हणते, माझ्याकडे ये राहायला. जाईन कदाचित. सकाळी पाणी येतं, मी सवयीने दोन पिंपं भरते, आणि एक तसंच्या तसं राहतं. आता बोलणाऱ्या माणसाची उणीव म्हणावी तर तुम्ही शेवटी बोलत नव्हतातच. पण तुम्ही न बोलता बसलेले असायचात ते वेगळं होतं. तेव्हा काही सुचलं तर मी मनात म्हणायचे, सांगू का, की नको. आता तेही ठरवावं लागत नाही.

तेरावं झाल्यावर शेठनी माणूस पाठवला. उन्हाळ्याचा माल निघायचा होता, कापायचं काम घरी करता का म्हणून. प्लास्टिकचा गठ्ठा आणि मापाचे कागद ठेवून गेला. मी जुन्या मापाने कापायला बसले. भिंतीच्या कळ्या कापल्या, होड्या आणि डमरू. तळाचा कागद पसरला आणि माझी कात्री पुढे जाईना. मी स्टुलावर चढून माळ्यावरची गुंडाळी काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण तुमच्या खुणा स्पष्ट होत्या. एका हौदाचा तळ मी त्या मापाने कापला. एकाचाच.

शेडच्या आत मी कधी गेले नव्हते. तुमचा डबा द्यायला यायचे ती फाटकाशी उभी राहायचे. ह्या वेळी आत गेले. शेठ म्हातारे झालेत. त्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलायला सुरुवात केली. मी तो तळ पुढे ठेवला आणि म्हटलं, एवढा एक जोडून द्या. त्यांनी जोडून घेतला, फुगवून घेतला, आणि तळ बघून मान हलवली. म्हणाले, वहिनी, हे त्यांना मी पूर्वीच सांगितलं होतं. कोरडा बरा दिसत नाही.

"पाणी भरून बघा," मी म्हटलं.

ते म्हणाले, ठेवून जा, सवडीने बघतो. आता शेडमध्ये बोअरिंगचं पाणी आहे, नळी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली दिसत होती. मी ठेवलं नाही आणि गेलेही नाही.  मशीनवरची माणसं बघत होती. शेठ आत जाऊन आले, फोन करून आले, मी तिथेच. शेवटी ते कुणाला तरी म्हणाले, लाव रे नळी.

पाणी चढायला वेळ लागला. तळ आधी हलला, मग हळूहळू बसत गेला, भिंत मागे सरकली आणि तळ तिच्याबरोबर गेला. कोपरा गोल झाला. शेठ खाली वाकले. त्यांनी पूर्ण फेरी मारली, बोट लावून लावून. एका जागी ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. तिथे बोटाएवढी एक चुणी होती.

मी म्हटलं, "ती माझ्या कात्रीची आहे. त्यांच्या मापाची नाही."